थोड्या चाऱ्यावर वाढणारे जनावर : अनुवंशशास्त्र काय सांगते?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात रेणापूर येथे दिलेले व्याख्यान)



विद्यार्थ्यांचे सत्कार, वसतिगृहाचा जमाखर्च, वधूवरांच्या याद्या हे विषय आपल्या संमेलनात दरवर्षी असतात आणि ते असावयासच हवेत. यंदा कार्यकारी मंडळाने त्यांच्या जोडीस जनावरांच्या पैदाशीचा विषय घेतला व त्यावर चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. रेणुकादेवीच्या या गावी आज जमलेल्या कुटुंबांपैकी अनेकांची मुले पुण्या-मुंबईस नोकरीला गेली असली, तरी पुष्कळांच्या दारात अजून दावण आहे, आणि जिथे दावण नाही तिथे निदान दोन-चार शेळ्या तरी आहेतच. त्या दावणीपुढे उभ्या असलेल्या एका साध्या प्रश्नाचा विचार आज करावयाचा आहे. एकाच गव्हाणीत तोच चारा खाणारी दोन जनावरे सारखीच वाढतात, पण एकाला कमी चारा पुरतो आणि दुसऱ्याला जास्त लागतो, असे का होते? हा गुण पिढीजात असतो काय? आणि असल्यास तो आपल्या कळपात आणता येईल काय?

लातूरसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. १९७२ चा दुष्काळ येथील वडीलधाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिला आहे. २०१६ साली मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी आणावे लागले, हे तर मुलांनाही ठाऊक आहे. त्या वर्षांत चाऱ्याच्या छावण्या लागल्या आणि कित्येकांनी हातची जनावरे मिळेल त्या भावाने विकली. शिवाय एक बदल हळूहळू, फारसा गाजावाजा न होता झाला. ज्या रानात पूर्वी ज्वारी उभी असे, त्या रानात आता सोयाबीन आहे. सोयाबीनने घरात रोख पैसा आणला हे खरे. पण ज्वारीबरोबर येणारा कडबा मात्र कमी झाला, आणि सोयाबीनचे भुसकट कडब्याची जागा घेऊ शकत नाही. चारा तुटपुंजा झाला की जनावर किती वाढते एवढेच पाहून भागत नाही, ते किती खाऊन वाढते हेही पाहावे लागते.

या प्रश्नाचा सर्वांत कसून अभ्यास कोणत्या प्राण्यावर झाला असेल, तर तो वराहावर, म्हणजे डुकरावर. हे नाव ऐकून कोणाच्या चेहऱ्यावर स्मित आले असेल तर आमची हरकत नाही. पण विद्येला विटाळ नसतो. आपल्या मराठवाड्यात कैकाडी, वडार आदी समाजांतील अनेक कुटुंबे पूर्वापार हा व्यवसाय करीत आली आहेत, आणि त्या प्राण्याविषयी त्यांस असलेली माहिती आपणा कोणासही नाही. शास्त्रज्ञांनी हा प्राणी निवडला त्यास सबळ कारणे आहेत. डुकरीण सुमारे ११४ दिवसांत विते, एका वेतात आठ-दहा पिले देते आणि ती पिले सहा महिन्यांच्या सुमारास विक्रीयोग्य होतात. म्हणजे गाईच्या एका पिढीत जे पाहावयास मिळेल, ते येथे दोन-तीन वेळा पाहता येते. दुसरे असे की, वराहपालनाच्या एकूण खर्चापैकी सुमारे दोन-तृतीयांश खर्च खाद्याचाच असतो. खाद्यात बचत झाली तरच धंदा टिकतो.

या कामाचा पाया डेन्मार्क या छोट्या देशाने घातला. तेथील शेतकऱ्यांनी १८८७ मध्ये हॉर्सेन्स या गावी वराहमांसाचा पहिला सहकारी कारखाना काढला. इंग्लंडच्या बाजारपेठेत माल विकावयाचा, तर जनावर एकसारखे व कमी खर्चात तयार झाले पाहिजे, हे त्यांनी ओळखले. मग १९०७ पासून तेथे चाचणी केंद्रे सुरू झाली. पद्धत अगदी साधी होती. चांगल्या म्हणविल्या जाणाऱ्या नर-मादीच्या एका वेतातील चार पिले केंद्रात आणावयाची, त्यांना ठरावीक खाद्य तोलून घालावयाचे आणि एक किलो वजन वाढण्यास किती खाद्य लागले ते लिहून ठेवावयाचे. ज्यांची पिले थोड्या खाद्यात वाढली, ते आईबाप पैदाशीस ठेवावयाचे. नराचे रूप, चाल किंवा मालकाची प्रतिष्ठा यांस तेथे गुण नव्हते. गुण होते ते तराजूला आणि वहीला. लातूर जिल्ह्यात सहकाराची परंपरा जुनी असल्याने ही रीत आपल्या मंडळींस सहज समजेल, असा आम्हांस विश्वास वाटतो.

आता शास्त्र पुढे कसे गेले ते पाहू. एक किलो वजनवाढीस किती किलो खाद्य लागले, या प्रमाणास खाद्य-रूपांतराचे प्रमाण म्हणतात. सुधारलेल्या जातीच्या वराहांत ते साधारण अडीच ते तीन असते. रवंथ करणाऱ्या शेळी-गाईंत ते याच्या दुपटीहून अधिक भरते, कारण त्यांचा आहार मुख्यतः चाऱ्याचा असतो. पण या प्रमाणात एक खोच आहे. मोठ्या अंगाचे जनावर अधिक खाणारच, आणि झपाट्याने वाढणारेही अधिक खाणारच. तेव्हा नुसत्या प्रमाणावरून काटकसरी जनावर ओळखता येत नाही. १९६३ साली अमेरिकेतील कॉख व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोऱ्ह्यांवरील अभ्यासातून एक नवी रीत सुचविली. जनावराचे वजन आणि त्याची वाढ पाहून त्याने किती खावयास हवे होते याचा अंदाज बांधावयाचा, आणि प्रत्यक्षात त्याने किती खाल्ले त्यातून तो अंदाज वजा करावयाचा. बाकी उणे आली तर जनावर काटकसरी, अधिक आली तर उधळ्या. आपल्या घरातही असेच पाहतो. किती खर्च झाला एवढ्यावरून गृहिणीची पारख होत नाही, माणसे किती होती तेही विचारावे लागते.

ही काटकसर वंशाने उतरते काय, हे पाहण्यासाठी फ्रान्सच्या राष्ट्रीय कृषिसंशोधन संस्थेने लार्ज व्हाइट जातीच्या वराहांत सुमारे २००० सालापासून एक प्रयोग चालविला. एकाच मूळ कळपातून दोन शाखा काढल्या. एका शाखेत पिढ्यान् पिढ्या काटकसरी जनावरे निवडली, दुसरीत उधळी. अमेरिकेतील आयोवा राज्य विद्यापीठानेही यॉर्कशायर जातीवर त्याच सुमारास असेच काम सुरू केले. दोन्हीकडे निष्कर्ष एकच निघाला. पिढीगणिक शाखांतील अंतर वाढत गेले आणि काटकसरी शाखेची जनावरे तेवढ्याच वाढीस कमी खाऊ लागली. त्यांच्या शरीरातून उष्णता कमी बाहेर पडे आणि ती व्यर्थ हालचालही कमी करीत. जनावरा-जनावरांतील या गुणाच्या फरकापैकी साधारण चौथा ते तिसरा हिस्सा वंशाचा असतो आणि उरलेला हिस्सा निगा, आजार, हवा व खाद्य यांचा, असे अशा अभ्यासांतून दिसून आले आहे.

खाल्लेले अन्न जाते तरी कोठे? त्याचा मोठा भाग शरीर नुसते जिवंत ठेवण्यात खर्च होतो. श्वास, रक्ताभिसरण, शरीराची ऊब, जुन्या मांसपेशी मोडून नव्या बांधणे, हे सर्व अव्याहत चालू असते. काही भाग चालण्या-फिरण्यात जातो, काही न पचता शेणातून निघून जातो आणि उरलेल्यातून वाढ होते. त्या वाढीतही भेद आहे. मांसात सुमारे तीन-चतुर्थांश पाणी असते, चरबीत ते फार थोडे असते. म्हणून एक किलो मांस घडविण्यापेक्षा एक किलो चरबी घडविण्यास पुष्कळ अधिक अन्न खर्ची पडते. तेव्हा काटकसर हा एकच गुण नव्हे. पचन, ऊब, स्वभाव आणि चरबी अशा अनेक गुणांची ती बेरीज आहे. साहजिकच तिच्यामागे एक नव्हे, अनेक जनुके असतात. भूक आवरणाऱ्या एका जनुकातील एका अक्षराच्या फेराने वराह अधिक खातो, अधिक वाढतो व अधिक चरबी धरतो, असे २००० साली आढळले. २०१२ मध्ये वराहाचा संपूर्ण जनुकसंच वाचून प्रसिद्ध झाला. तरीही अशा एकेका जनुकाचा वाटा लहानच असतो, आणि तराजू व वही यांची गरज अद्याप संपलेली नाही.

आपल्या देशातही हा विषय दुर्लक्षित राहिलेला नाही. भारतीय कृषि अनुसंधान परिषदेने १९७०-७१ मध्ये वराहांवरील अखिल भारतीय समन्वित संशोधन योजना हाती घेतली आणि २००२ मध्ये आसामात गुवाहाटीजवळ राणी येथे स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. शेजारच्या गोव्यातील गावठी वराहास आगोंद गोवन या नावाने देशी जातींच्या अधिकृत नोंदीत स्थानही मिळाले आहे.

येथे एक धोक्याचा कंदील दाखविणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. युरोपात चरबी कमी व मांस अधिक अशा वराहांच्या मागे लोक इतके लागले की, त्याबरोबर एक दोषही नकळत कळपांत पसरला. अशी जनावरे जरा घाबरली, गाडीत कोंडली गेली वा उन्हात हाकली गेली की त्यांचे अंग ताठे आणि ती दगावत. त्यांचे मांसही फिके व पाणचट निघे. पिएत्रँ या जातीत हा प्रकार विशेष होता. १९९१ मध्ये या दोषाचे जनुक सापडले, तेव्हा कोठे चाचणी करून तो काढून टाकण्याचा मार्ग मोकळा झाला. एकाच गुणाकडे टक लावून निवड केली, तर न मागितलेले दुसरे काहीतरी पदरात पडते, हा त्यातला बोध होय.

आता आपल्या घरी येऊ. वराहाचे शास्त्र आपण शिकलो ते आपल्या जनावरांसाठी. या भागास लाभलेले पशुधन कमी प्रतीचे नाही. उदगीर-देवणीच्या परिसरातील देवणी गाय गीर, डांगी व स्थानिक गुरे यांच्या संकरातून घडली असे मानले जाते. वानेरा, बालंक्या आणि शेवरा हे तिचे तीन प्रकार आपणांस ठाऊकच आहेत. नांदेडकडची लाल कंधारी ही रानात राबणारी जात. आणि आपल्या पूर्वीच्या जिल्ह्याचे नाव मिरविणारी उस्मानाबादी शेळी. १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला, २०२३ मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले, पण शेळीचे नाव तेच राहिले आहे. बहुतेक अंगाने काळी, जुळी करडे देणारी, बाभूळ-बोरीच्या पाल्यावर निभावणारी ही शेळी कोणा प्रयोगशाळेने घडविली नाही. ती आपल्या आजा-पणज्यांच्या निवडीतून आणि या भागातील दुष्काळांच्या निवडीतून घडली. जे जनावर थोडक्यात भागवू शकले नाही ते टिकले नाही.

मात्र आज निवड कोणत्या दिशेने चालली आहे, याचा आपण विचार करतो काय? प्रदर्शनात वळूचा रंग, शिंगे, कपाळ व वशिंड पाहून फेटा बांधतात. त्याने काय खाल्ले हे कोणी विचारीत नाही. शेळ्यांच्या बाबतीत तर उलटेच घडते. बकरी ईदच्या आधी व्यापारी दारात येतो आणि कळपातील सर्वांत झपाट्याने वाढलेला बोकड उचलतो. घरात नड असते, भाव चांगला मिळतो, बोकड जातो. मागे राहतो तो खुरटा, ज्याला कोणी मागितले नाही; आणि तोच पुढे शेळ्यांवर चालतो. वर्षानुवर्षे असे झाले म्हणजे आपल्या हातांनीच आपण चांगला वंश बाजारात पाठवितो व निकृष्ट वंश घरात राखतो. डेन्मार्कच्या शेतकऱ्याने जे केले, त्याच्या नेमके उलट आपण करीत आहोत. आमच्या मते आजच्या विषयातील कळीची गोष्ट हीच आहे.

हिशेबाने पाहिले तर ही गोष्ट अधिक स्पष्ट होईल. समजा, १६ किलोची दोन करडे बांधून घातली आणि ६० दिवसांत दोन्ही २२ किलोंची झाली. एकाने ४२ किलो कोरडा चारा व खुराक खाल्ला, दुसऱ्याने ५१ किलो. बाजारात दोघांना भाव एकच मिळेल. डोळ्यांना फरक दिसणार नाही. पण गव्हाणीत नऊ किलोंचा फरक पडला. आता त्या वयाच्या करडांची सरासरी ४८ किलो आहे असे धरू. आपला निवडलेला बोकड सरासरीपेक्षा सहा किलो कमी खाणारा. त्यातला तिसरा हिस्सा वंशाचा धरला तर दोन किलो. आणि करडाला बापाकडून निम्माच वारसा मिळतो, म्हणून एक किलो. प्रत्येक करडामागे दोन महिन्यांत एक किलो, एवढीच ही बचत. हसू येईल इतकी लहान. पण गावात अशी दोनशे करडे असली तर दोन क्विंटल चारा वाचला. आणि पुढच्या पिढीत पुन्हा निवड केली तर त्यात भर पडते, कारण मिळालेला गुण कळपातच राहतो. खुराक आज घातला तर आजचे जनावर सुधारते. वंश सुधारला तर न जन्मलेली जनावरेही सुधारतात. शेळी वर्षाला दोन-तीन करडे देईल, बोकड मात्र पन्नासांचा बाप होईल. म्हणून नराची निवड हे सर्व घराघरांचे सामाईक काम आहे.

येथे कोणी शंका घेईल की, परदेशचा अथवा परप्रांतीचा मोठ्या अंगाचा बोकड आणला तर हे काम एका पिढीत होणार नाही काय? अंग मोठे होईल, पण अंगाबरोबर पोटही मोठे होते, आणि मघाशी सांगितल्याप्रमाणे मोठे जनावर म्हणजे काटकसरी जनावर नव्हे. शिवाय तोललेल्या खुराकावर जे जनावर पहिले येते, ते उन्हाळ्यात माळावर पहिले येईलच असे नाही. वराहाची परीक्षा बंदिस्त कोंडीत झाली, कारण त्याला तेथेच राहावयाचे होते. आपल्या शेळीची परीक्षा आपल्याच माळावर, आपल्याच कडब्यावर व्हावयास हवी. वैशाखात जिची कूस भरलेली राहते, जी दोन करडे जगवून पुन्हा वेळेवर गाभण राहते, तिच्या अंगी ही काटकसर असण्याचा संभव अधिक. आणि ही गोष्ट आमच्यापेक्षा येथे बसलेल्या भगिनींस अधिक ठाऊक आहे. शेळ्यांची राखण बहुतांशी घरच्या स्त्रियाच करतात. कोणती शेळी थोड्यात भागवते हे त्यांस तोंडपाठ असते. मात्र ते कोठे लिहिलेले नसते, म्हणून बोकड विकताना त्यांचे मत कोणी विचारीत नाही.

तेव्हा मंडळापुढे आम्ही चार गोष्टी नम्रपणे ठेवतो. पहिली, प्रत्येक घरी शेळ्यांची एक वही असावी. कानात बिल्ला, आईबापाची नोंद, आणि जन्मताच, तीन महिन्यांनी व सहा महिन्यांनी करडाचे वजन. साधा टांगता काटा त्यास पुरेसा आहे, आणि शाळेत जाणारी मुले हे काम हौसेने करतील. दुसरी, वहीत पुढे आलेल्या शेळ्यांची पाच-सहा नर करडे वर्षातून एकदा एके ठिकाणी आणून दोन महिने तोलून चारा घालावा. आपल्यापुरते हेच चाचणी केंद्र. उदगीर व परभणी येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथील अध्यापकांचा सल्ला घ्यावा. तिसरी, त्यात उत्तम ठरलेला बोकड मंडळाने सामाईक निधीतून योग्य भावाने विकत घ्यावा, म्हणजे नडीच्या कुटुंबाचे नुकसान होणार नाही आणि वंशही गावात राहील. उरलेले खुशाल बाजारात जाऊ द्यावेत. चौथी, तोच बोकड त्याच्या लेकींवर चालू नये म्हणून दोन वर्षांनी तो दुसऱ्या गावाशी बदलावा. आणि निवड करताना नुसता चारा न पाहता जुळी, दूध, पाय व रोगप्रतिकार हेही पाहावेत. पिएत्रँचा बोध विसरू नये.

हे काम एका वर्षात फळणारे नव्हे. शेळीच्या दोन पिढ्या जाईपर्यंत वहीत काही ठळक दिसावयाचेही नाही, आणि तेवढा धीर एकट्या घरास धरवत नाही. उन्हाळा कडक आला की पहिला बोकड विकावासा वाटतो. म्हणूनच ते ज्ञातीच्या मंडळाचे काम आहे. वसतिगृह आपण असेच बांधले. ज्यांनी वर्गणी दिली त्यांपैकी कित्येकांची मुले तेथे राहिली नाहीत, इतरांची राहिली. बोकडाचेही तसेच समजावे. आज ज्या घराने चांगला नर राखला, त्याचा लाभ उद्या शेजारच्या दारात जन्मणाऱ्या करडास मिळेल.

पुढील वर्षीच्या संमेलनात सत्कारांच्या यादीबरोबर दहा घरांच्या तरी वह्या वाचल्या जाव्यात, एवढी आमची विनंती आहे.